लीगची शिडी

पुणें शहर मागें टाकून पश्चिमेस मुळेच्या खोऱ्यांत शिरलें, म्हणजे म्हाळुंगे, नांदे, चांदे अशीं मुळशी तालुक्यांतील गांवें एकामागून एक लागतात. चांदे आणि नांदे हीं नांवें तर लोकांच्या तोंडीं जोडीनेंच येतात. नांद्याहून पुण्याकडे निघालेल्या माणसास शहर लागण्यापूर्वीं जें मोठें बांधकाम दिसतें, तें म्हाळुंगे-बालेवाडीचें श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुल होय. १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं तें उभारण्यांत आलें. २००८ सालीं राष्ट्रकुल युवक क्रीडास्पर्धाही येथेंच भरल्या. नांद्याच्या शिवारापासून हें मैदान फार दूर नाहीं. एखादा उत्साही मुलगा सायकलीवर टांग टाकून तासाच्या आंत तेथें जाऊन पोंचेल. परंतु कुंपणाबाहेर उभें राहून सामना पाहणें निराळें, आणि आंतल्या हिरवळीवर खेळाडू म्हणून पाऊल ठेवणें निराळें. त्यासाठीं किती पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या पायऱ्या जागच्या जागीं शाबूत आहेत कीं नाहींत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

फुटबॉलच्या स्पर्धा मुख्यतः दोन जातींच्या असतात. पहिली बाद पद्धतीची. मुंबईंत १८९१ सालीं सुरू झालेला रोव्हर्स कप हा या जातीचा. त्यांत जो हरला तो घरीं गेला. शेवटीं एकच संघ उरतो आणि ढाल तो घेऊन जातो. दुसरी जात लीगची, म्हणजे साखळी स्पर्धेची. तींत प्रत्येक संघ प्रत्येकाशीं खेळतो, जय आणि बरोबरी यांचे गुण मांडले जातात, आणि हंगामाच्या शेवटीं ज्याचे गुण अधिक तो श्रेष्ठ ठरतो. बाद पद्धत ही जत्रेंतील कुस्तीसारखी. एका डावांत निकाल. लीग ही संसारासारखी; एका दिवसाच्या पराक्रमानें ती तरत नाहीं आणि एका दिवसाच्या चुकीनें बुडत नाहीं. म्हणूनच संघाची खरी योग्यता लीगमध्यें कळते, असें जाणते लोक मानतात.

परंतु लीगच्या पोटांत एक दोषही आहे. हंगाम अर्धा उलटला कीं विजेतेपदाची आशा दोन-तीन संघांपुरतीच उरते. बाकीच्यांनीं मग कशासाठीं खेळावें? आणि प्रेक्षकांनीं तरी तिकिटाचे पैसे कां मोडावे? या प्रश्नाचें जें उत्तर इंग्लंडांत शोधण्यांत आलें, तेंच पुढें बहुतेक जगानें स्वीकारलें. लीगच्या एकावर एक अशा श्रेणी बांधावयाच्या. वरच्या श्रेणींत तळाशीं राहणाऱ्यांनीं खालीं उतरावयाचें, आणि खालच्या श्रेणींत अग्रभागीं आलेल्यांनीं वर चढावयाचें. या व्यवस्थेमुळें शिखरावरील सामन्याइतकाच तळाचा सामनाही जिवंत राहतो. किंबहुना पुष्कळदां तळाच्याच सामन्यास अधिक धार असते. कारण ढाल हुकली तर ती पुढील वर्षीं मिळूं शकते, पण श्रेणी गेली म्हणजे घर गेल्यासारखें होतें.

इंग्लंडांतील फुटबॉल-लीग १८८८ सालीं बारा संघांनिशीं सुरू झाली. १८९२ सालीं तिला दुसरी श्रेणी जोडण्यांत आली. वरून कोणास उतरवावयाचें आणि खालून कोणास चढवावयाचें, याचा निर्णय करण्यासाठीं त्या वेळीं कसोटीचे सामने योजण्यांत आले: वरच्या श्रेणींतील शेवटचे तीन संघ आणि खालच्या श्रेणींतील पहिले तीन, यांच्या समोरासमोर लढती. पहिल्याच वर्षीं, १८९३ सालीं, या योजनेचा गुण आणि दोष दोन्ही दिसून आले. स्मॉल हीथ नांवाचा संघ, जो पुढें बर्मिंगहॅम सिटी म्हणून प्रसिद्धीस आला, दुसऱ्या श्रेणींत वर्षभर खेळून पहिला आला होता. त्याची गांठ वरच्या श्रेणींतील तळाच्या न्यूटन हीथशीं पडली. पहिला सामना बरोबरींत सुटला, दुसऱ्यांत न्यूटन हीथनें त्याचा पाडाव केला, आणि वर्षभराची सारी तपश्चर्या एका दुपारीं वायां गेली. याउलट दुसऱ्या आलेल्या शेफील्ड युनायटेडनें आपला सामना जिंकला आणि तो वर गेला. पहिला आलेला खालीं आणि दुसरा आलेला वर, असा उफराटा न्याय झाला. पुढल्याच वर्षीं न्यूटन हीथचेंही दैव फिरलें. दुसऱ्या श्रेणींत एकही सामना न हरलेल्या लिव्हरपूलनें कसोटींत त्यास हरवून खालीं धाडलें. हाच न्यूटन हीथ १९०२ सालीं मँचेस्टर युनायटेड झाला, हें ऐकून आजच्या तरुण श्रोत्यांस मौज वाटेल.

कसोटीच्या सामन्यांचा शेवट मात्र चमत्कारिक झाला. १८९८ सालापर्यंत त्यांचें स्वरूप चार संघांच्या लहानशा साखळीचें झालें होतें. त्या वर्षीं शेवटचा सामना स्टोक आणि बर्नली यांचा होता, आणि गुणांचा हिशेब असा जमला होता कीं, बरोबरी झाली तर दोघांसही वरच्या श्रेणींत स्थान मिळावें. मग काय व्हावयाचें! दोन्ही संघांनीं गोलाच्या दिशेनें चेंडू मारण्याचें कटाक्षानें टाळलें. चिडलेल्या प्रेक्षकांनीं आपल्याकडे आलेला चेंडूच परत देण्याचें नाकारलें, असें सांगतात. सामना अर्थातच शून्य-शून्य असा सुटला. त्यानंतर कसोटीचे सामने बंद झाले, आणि दोन संघ आपोआप वर व दोन आपोआप खालीं, असा सरळ नियम अमलांत आला.

तथापि मनुष्यस्वभावास शेवटच्या क्षणापर्यंत टिकणारी उत्कंठा हवी असते. १९८७ सालीं इंग्लंडांत निर्णायक सामने पुन्हां आले, पण आतां अनुभवानें शहाणे होऊन. पहिल्या श्रेणीच्या दारांत उभ्या असलेल्यांपैकीं अग्रभागीं आलेल्या दोघांस थेट प्रवेश, आणि तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या चौघांनीं उरलेल्या एका जागेसाठीं झुंजावयाचें, अशी घडी पुढें बसली. जर्मनींत २००९ सालापासून वरच्या श्रेणींतील सोळावा आणि खालच्या श्रेणींतील तिसरा यांच्यांत दोन सामने होतात. या दोन्ही पद्धतींचें तत्त्व एकच: वर्षभर श्रम करून जो निर्विवाद श्रेष्ठ ठरला त्याचें श्रेय एका दिवसाच्या हवालीं करावयाचें नाहीं, जेथें योग्यता काठावरची आहे, तेथेंच कसोटी लावावयाची.

आपल्याकडे हा चढउतार कोणास पाहावयाचा असेल, तर त्यानें प्रथम कोल्हापुरास जावें. राजर्षि शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या लीगमध्यें उतरतात, तेव्हां पेठच्या पेठ मैदानाकडे लोटते. तेथें संघ म्हणजे एखाद्या धनिकाची मालमत्ता नव्हे. ती तालमीची, गल्लीची, वाडवडिलांपासून चालत आलेली अब्रू आहे. म्हणून वरिष्ठ गटांतून खालीं उतरण्याचें भय तेथें साऱ्या पेठेस असतें, आणि वर चढण्याचा आनंदही साऱ्या पेठेचा असतो.

अखिल भारतीय पातळीवर शिडी बांधण्याचा प्रयत्न बऱ्याच उशिरानें झाला. राष्ट्रीय लीग १९९६ सालीं सुरू झाली, आणि २००७ सालीं तिचें रूपांतर आय-लीगमध्यें झालें. त्याच वर्षीं पुण्यांत पुणे एफ. सी. या संघाची स्थापना झाली. या संघास वरच्या श्रेणींत कोणीं उचलून बसविलें नाहीं. तो दुसऱ्या श्रेणींत खेळला, आणि २००९ सालीं साळगांवकर, व्हिवा केरळ आणि शिलाँग लाजाँग यांच्यासह चढून वर आला. त्याच वेळीं मोहम्मेडन स्पोर्टिंगसारखा जुना नामांकित संघ आणि गोव्याचा वास्को हे खालीं उतरले. शिडी कोणाची भीड धरीत नाहीं, ती अशी. वरच्या श्रेणींतील पहिल्याच हंगामांत पुणे एफ. सी. तिसरा आला, आणि २०१२-१३ सालीं चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा. बालेवाडीच्या मैदानावर कलकत्त्याचे आणि गोव्याचे मातबर संघ येऊन खेळूं लागले. मुळशीच्या पोरांना जें वर्तमानपत्रांत वाचावें लागे, तें आतां डोळ्यांनीं पाहावयास मिळूं लागलें.

येथवरची हकीकत सरळ आहे. यानंतर तींत एक गांठ पडते, आणि ती गांठही बालेवाडीसच पडते.

आय-लीगमध्यें नवे आणि सधन संघ यावेत, म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें थेट प्रवेशाची वाट काढली. ठराविक शुल्क भरणाऱ्या उद्योगसमूहानें संघ उभारावा, आणि त्यानें शिडी न चढतां एकदम वरच्या श्रेणींत यावें. इतकेंच नव्हे, तर आरंभीच्या हंगामांत तो तळाशीं राहिला तरी त्यास खालीं उतरवूं नये, असें अभयही देण्यांत आलें. या योजनेंत कांहींच तथ्य नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. २०१३ सालीं याच वाटेनें आलेल्या बंगळूर एफ. सी. नें पहिल्याच हंगामांत विजेतेपद मिळविलें. भारतांत फुटबॉलचें उत्पन्न तुटपुंजें आणि खर्च अफाट. ऐझॉलपासून मडगांवपर्यंतचा प्रवासच एखाद्या संघाची थैली रिकामी करतो. अशा धंद्यांत पैसा घालणाऱ्यास दोन-तीन वर्षांची निश्चिंती द्यावी, हा विचार व्यवहाराच्या दृष्टीनें अगदींच टाकाऊ नव्हता.

परंतु गुणतक्त्याच्या तळाशीं एक जागा असतेच, आणि ती कोणाला तरी भोगावी लागते. २०१४-१५ च्या हंगामांत अकरा संघ होते. त्यांत पुण्यांत नव्यानें निघालेला, थेट प्रवेशानें आलेला भारत एफ. सी. अकरावा आला. त्यास अभय होतें. म्हणून दहावा आलेला गोव्याचा डेम्पो खालीं उतरला. डेम्पो हा कांहीं सामान्य संघ नव्हे. राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पांच वेळां तो देशाचा विजेता झाला होता. दहावा येणें हा त्याचा दोष खरा. त्याविषयीं त्यानें कोणास बोल लावण्याचें कारण नव्हतें. पण ज्याच्यापेक्षां तो सरस ठरला होता, तो संघ वर बसून राहिला आणि हा उतरला, ही गोष्ट कोणाही खेळाडूच्या मनास लागावी अशीच होती.

पुढच्या वर्षीं हेंच पुन्हां घडलें. २०१५-१६ सालीं नऊ संघ होते. पुण्याचाच डी. एस. के. शिवाजीयन्स हा थेट प्रवेशाचा संघ नववा आला. अभयामुळें तो राहिला. आठवा आलेला मिझोरमचा ऐझॉल एफ. सी. खालीं उतरला. हा संघ त्याच्या आदल्याच वर्षीं दुसरी श्रेणी जिंकून, एकेक पायरी चढून आलेला. ज्यानें शिडी चढण्याचे कष्ट केले तो उतरला, आणि ज्यानें शिडीला पायच लावला नव्हता तो राहिला!

या दोन्ही प्रसंगीं पुण्याच्या खेळाडूंचा यत्किंचितही अपराध नव्हता, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. ते मैदानांत आपल्या शक्तीनुसार खेळले. अपराध असलाच तर नियमाचा. नियम एकासाठीं एक आणि दुसऱ्यासाठीं दुसरा झाला, म्हणजे गुणतक्ता खरें बोलत असूनही निकाल खोटा पडतो.

पुढें जें घडलें, तें एखाद्या कथेंत घातलें असतें तर वाचकांनीं तें असंभाव्य म्हणून सोडून दिलें असतें. डेम्पोनें २०१६ सालीं दुसरी श्रेणी जिंकून वर येण्याचा आपला हक्क परत मिळविला. परंतु त्याच सुमारास आय-लीग ही दुय्यम ठरवून, २०१४ सालीं निघालेल्या इंडियन सुपर लीगला शिखरावर बसविण्याची योजना पुढें आली. आणि या शिखरावर चढण्यास खालून वाट ठेवलेली नव्हती. गोव्याच्या संघांनीं याविरुद्ध आवाज उठविला आणि साळगांवकर, स्पोर्टिंग क्लब व डेम्पो हे तिघेही आय-लीगमधून बाजूस झाले. त्यामुळें जागा रिकाम्या पडल्या, आणि खालीं उतरलेल्या ऐझॉलला परत बोलावण्यांत आलें. याच ऐझॉलनें २०१६-१७ सालीं मोहन बागानला अवघ्या एका गुणानें मागें टाकून आय-लीग जिंकली. ईशान्य भारतांतील संघानें देशाचें विजेतेपद मिळविण्याची ती पहिलीच वेळ. ज्यास वर राहण्यास अपात्र ठरविलें होतें, तो वर्षाच्या आंत साऱ्या देशांत श्रेष्ठ ठरला. त्याचे मार्गदर्शक खालिद जमील हे त्यापूर्वीं अनेक वर्षें मुंबई एफ. सी. चे मार्गदर्शक होते; पुढें २०२५ सालीं ते भारतीय संघाचे मार्गदर्शक झाले. दैवाचा फेरा असा कीं, ऐझॉल विजेता झाला त्याच हंगामांत मुंबई एफ. सी. तळाशीं राहून खालीं उतरला.

आणि ज्यांना अभय मिळालें होतें त्यांचें काय झालें? भारत एफ. सी. एका हंगामानंतर बंद पडला. डी. एस. के. शिवाजीयन्स दोन हंगामांनंतर लीगमधून गेला. शिडी चढून आलेल्या पुणे एफ. सी. च्या वरिष्ठ संघासही २०१५ सालीं मालकांनीं मूठमाती दिली. सुपर लीगमधील एफ. सी. पुणे सिटी २०१९ सालीं विसर्जित झाला, आणि त्याची जागा हैदराबादकडे गेली. पांच वर्षांच्या आंत बालेवाडीचें मैदान चार संघांस मुकलें. आणि त्यांपैकीं एकही संघ खालच्या श्रेणींत उतरल्यामुळें गेला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. संघाचा अंत खालीं उतरण्यानें होतो, या भयानें अभय देण्यांत आलें. पण संघ बुडाले ते अन्य कारणांनीं, आणि उतरलेला ऐझॉल विजेता झाला. डेम्पोही २०२४ सालीं पुनः शिडी चढून आय-लीगमध्यें आला.

तथापि याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मुंबई एफ. सी. २००८ सालीं चढून वर आला होता, नऊ हंगाम टिकला, आणि उतरल्यावर मात्र उठला नाहीं. तो बंदच झाला. तेव्हां उतरण्यापासून धोका नाहींच, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. खरी अडचण उतरण्यांत नसून, जेथें उतरावयाचें ती पायरी कुजकी असण्यांत आहे. इंग्लंडांत खालीं उतरणाऱ्या संघांस कांहीं वर्षें वरच्या लीगच्या उत्पन्नांतून साहाय्य मिळतें. तेथें खालच्या श्रेणींतही हजारों प्रेक्षक येतात, खेळाडूंचा चरितार्थ चालतो. आपल्याकडे दुसऱ्या श्रेणींत हंगाम आंखूड, प्रेक्षक तुरळक आणि उत्पन्न जवळजवळ नाहीं. अशा ठिकाणीं उतरणें म्हणजे विहिरींत उतरण्यासारखेंच. याचा उपाय विहिरीवर झांकण घालणें हा नव्हे. तिला पायऱ्या बांधणें हा आहे.

त्या दिशेनें थोडें काम झालें आहे. २०२३ सालीं आय-लीग ३ ही आणखी एक खालची पायरी बांधण्यांत आली, आणि त्याच वर्षीं सुपर लीगचें दारही प्रथमच खालून उघडलें: आय-लीग जिंकून पंजाबचा संघ वर गेला, आणि २०२४ सालीं मोहम्मेडन स्पोर्टिंग. मात्र वर चढण्याची वाट झाली तरी, २०१४ पासून २०२४-२५ च्या हंगामापर्यंत सुपर लीगमधून तळाशीं आला म्हणून कोणीही खालीं उतरला नाहीं. शिवाय चढण्याची वाटही निर्वेध राहिली नाहीं. २०२४-२५ ची आय-लीग मैदानावर संपली एप्रिलमध्यें, पण एका सामन्यांत अपात्र खेळाडू खेळल्याच्या तक्रारीवरून विजेता कोण, चर्चिल ब्रदर्स कीं इंटर काशी, हा वाद थेट स्वित्झर्लंडांतील क्रीडा-लवादापर्यंत गेला. इंटर काशी विजेता, असा निकाल लागला तो १८ जुलै २०२५ रोजीं. नियम आधीं स्पष्ट नसले, किंवा ते वेळेवर बजावले गेले नाहींत, तर निर्णायक सामना मैदानावर न होतां वकिलांच्या दप्तरांत होतो.

या साऱ्या इतिहासांतून निघणारें तात्पर्य अगदीं साधें आहे. निर्णायक सामने असोत वा नसोत, दोन चढोत वा चार, हे तपशील अनुभवानें बदलतां येतात. इंग्लंडांतही ते बदलले. न बदलणारी गोष्ट एकच: जो नियम असेल तो सर्वांस सारखा असला पाहिजे. ज्यास खालीं जाण्याचें भय नाहीं, त्याच्या वर राहण्यासही अर्थ उरत नाहीं.

सायंकाळीं नांद्यासारख्या गांवांत सुगी झाल्यावर मोकळ्या पडलेल्या वावरांत पोरें दोन्ही बाजूंस दगड मांडून चेंडू खेळतात. त्यांच्या खेळांत लीग नाहीं, श्रेणी नाहीं. पण एक नियम असतो, आणि तो ती मुलें कटाक्षानें पाळतात: हरेल त्या बाजूनें बाहेर बसावयाचें, आणि बसलेल्यांनीं खेळावयास यावयाचें. ज्याचा चेंडू त्यासही यांतून सूट नसते; आणि असा एखादा मुलगा चेंडू काखेंत मारून घरीं गेलाच, तर बाकीचे चिंध्यांचा चेंडू करून पुढें खेळतात. बालेवाडीच्या मोठ्या मैदानास जें साधलें नाहीं, तें या वावरांत रोज घडतें. तेथून त्या मैदानापर्यंतची वाट फार लांब नाहीं. मधल्या पायऱ्या तेवढ्या नीट बांधलेल्या हव्यात.